विश्लेषण : अमेरिकेत जयप्रकाश नारायण यांना पुन्हा पुन्हा विद्यापीठ का बदलावे लागले?

पहिले वर्ष मनासारखे गेले नाही, आता कॉलेज बदलायचे का, हा प्रश्न दरवर्षी निकालानंतर अनेक घरांत निघतो. शंभर वर्षांपूर्वी बिहारमधील एका तरुणापुढे तो आला, तेव्हा घर हजारो किलोमीटर दूर होते आणि खिशात पैसे नव्हते. पुढे लोकनायक म्हणून ओळखल्या गेलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या शिक्षणाची ही कहाणी.

पाटण्याचे कॉलेज का सोडले?

जयप्रकाश यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा गावी झाला. हुशारीमुळे शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पाटण्यात विज्ञान शिकू लागले. असहकार चळवळीच्या काळात, १९२१ मध्ये, मौलाना अबुल कलाम आझाद यांचे भाषण ऐकून त्यांनी सरकारी कॉलेज सोडले. परीक्षा तेव्हा अवघ्या वीस दिवसांवर होती! पुढे त्यांनी राष्ट्रीय विचारांच्या बिहार विद्यापीठात शिक्षण घेतले. पण तिथला अभ्यासक्रम लवकरच संपला. बनारस हिंदू विद्यापीठ जवळ होते, मात्र त्याला सरकारी अनुदान मिळत असल्याने ते त्यांना नको होते. उरला तो परदेशाचा मार्ग. त्यातही इंग्लंड नव्हे, अमेरिका.

अमेरिकेत पहिले वर्ष कसे गेले?

१९२० मध्ये त्यांचे प्रभावती देवींशी लग्न झाले होते. त्यांना भारतात ठेवून जयप्रकाश ‘जानुस’ या मालवाहू जहाजाने निघाले. ८ ऑक्टोबर १९२२ रोजी, विसावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, ते कॅलिफोर्नियात पोहोचले. बर्कले येथील विद्यापीठात प्रवेश मात्र जानेवारी १९२३ मध्ये मिळाला. मधले महिने आणि त्यानंतरचाही बराच काळ मजुरीत गेला. द्राक्षे तोडणे, ती वाळत घालणे, कारखान्यात फळे डब्यांत भरणे, हॉटेलात भांडी घासणे, गॅरेजमध्ये मेकॅनिकचे काम, कत्तलखान्यातील नोकरी, दारोदार लोशन विकणे, असे जे मिळेल ते त्यांनी केले. गावाकडे जातीमुळे ज्या कामांना कुणी हात लावू दिला नसता, ती कामे इथे पोटासाठी करावी लागली. श्रमिकांविषयीची त्यांची समज आधी इथे घडली, पुस्तके नंतर आली.

बर्कले सोडण्याचे कारण काय?

कारण साधे होते : फी. अमेरिकेतील सार्वजनिक विद्यापीठे त्या-त्या राज्याच्या पैशांवर चालतात. त्यामुळे राज्यातील रहिवाशांना शिक्षण स्वस्त आणि बाहेरून आलेल्यांना महाग, ही पद्धत तेव्हाही होती, आजही आहे. बर्कलेत रसायनशास्त्राचे एक सत्र होते न होते तोच फी दुप्पट झाली. भांडी घासून तेवढे पैसे उभे राहणे शक्य नव्हते. मग सुमारे ३ हजार किलोमीटर दूर असलेल्या आयोवा राज्याच्या विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. नवे गाव, कडाक्याची थंडी आणि कामाचा शोध पुन्हा पहिल्यापासून.

यातली एक गंमत सहसा सांगितली जात नाही. मायदेशी सरकारी पैसा नको म्हणून ज्याने विद्यापीठे नाकारली, त्याचे अमेरिकेतील शिक्षण सरकारी विद्यापीठांतच झाले. अर्थात विरोध परक्या सरकारला होता, त्यामुळे यात विसंगती शोधणे फारसे न्याय्य नाही.

विषय कसा बदलला?

आयोवानंतर विस्कॉन्सिन विद्यापीठ आले आणि आयुष्याचा सांधा बदलला. तिथल्या डाव्या विचारांच्या विद्यार्थ्यांमुळे त्यांनी कार्ल मार्क्सचा ‘दास कॅपिटल’ वाचला. मानवेंद्रनाथ रॉय यांचे लेखनही हाती लागले. रसायनशास्त्र मागे पडले, समाजशास्त्र पुढे आले. त्या विषयातील नामवंत प्राध्यापक एडवर्ड रॉस यांची मदत झाली. नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात सांस्कृतिक बदलांवरील त्यांच्या प्रबंधाचे कौतुक झाले. डॉक्टरेट करायची होती, पण आईच्या आजारपणामुळे ते १९२९ च्या अखेरीस भारतात परतले.

परतल्यावर काय?

सात वर्षांत घरही बदलले होते. गांधीजींच्या आश्रमात राहिलेल्या प्रभावती देवींनी ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते. मार्क्सवादी होऊन आलेल्या पतीला गांधीवादी पत्नी भेटली. जयप्रकाश यांनी ते व्रत मान्य केले आणि दोघांचा संसार १९७३ मध्ये प्रभावतींचे निधन होईपर्यंत टिकला.

परतल्यानंतर जयप्रकाश काँग्रेसच्या कामात उतरले आणि १९३२ मध्ये अटक होऊन नाशिकच्या तुरुंगात आले. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्याशी झालेल्या चर्चांमधून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. विस्कॉन्सिनमध्ये वाचलेला मार्क्स त्या कोठड्यांमध्ये पुन्हा चर्चेला आला होता.