थोरो : कमी गरजा, निर्भय वाणी

हेन्री डेव्हिड थोरो हे नाव उच्चारले की वॉल्डन तळ्याकाठची झोपडी आणि तुरुंगात काढलेली एक रात्र या दोनच गोष्टी बहुतेकांना आठवतात. पहिलीमुळे तो साध्या राहणीचा पुरस्कर्ता ठरला, तर दुसरीमुळे सविनय कायदेभंगाच्या विचाराचा एक उद्गाता. परंतु प्रौढ वयात आपल्या दिवसाचे सर्वाधिक तास त्याने ज्या छंदाला दिले, तो मात्र मागे पडतो. थोरो हा वनस्पतींनी अक्षरशः झपाटलेला माणूस होता. त्याची साधी राहणी, त्याची मैत्री आणि त्याचा परखडपणा या तीन वेगवेगळ्या गोष्टी नव्हत्या, हे त्याच्या रानवाटांवरून चालले म्हणजे अधिक स्पष्ट होते.

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात, बोस्टनपासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या कॉन्कॉर्ड या छोट्या गावी १२ जुलै १८१७ रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांचा पेन्सिली बनविण्याचा व्यवसाय होता. घरची स्थिती बेताची असूनही हेन्रीला हार्वर्डला पाठविण्यात आले व १८३७ मध्ये तो पदवीधर झाला. गावच्या शाळेत त्याला शिक्षकाची नोकरी मिळाली, पण मुलांना छडी मारण्याचा आग्रह होताच दोनच आठवड्यांत त्याने ती सोडली. पुढे थोरल्या भावासोबत, जॉनसोबत, त्याने स्वतःची शाळा चालविली. या शाळेत छडीला स्थान नव्हते आणि मुलांना रानात, नदीकाठी नेऊन शिकविले जात असे.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात राल्फ वॉल्डो इमर्सन आला. वयाने १४ वर्षांनी मोठा असलेला हा विचारवंत तेव्हा कॉन्कॉर्डमध्येच राहत होता. ऑक्टोबर १८३७ मध्ये थोरोने रोजनिशी लिहावयास प्रारंभ केला, तो इमर्सनच्याच प्रेरणेने असे मानले जाते. १८४१ मध्ये तो इमर्सनच्या घरी राहावयास गेला. बागेची व घरातील दुरुस्तीची कामे करावयाची आणि त्याबदल्यात राहणे, जेवण व ग्रंथसंग्रह वापरण्याची मोकळीक, अशी ही व्यवस्था होती. या मैत्रीवर लवकरच दुःखाची गाठ बसली. जानेवारी १८४२ मध्ये वस्तऱ्याच्या किरकोळ जखमेतून जॉनला धनुर्वात झाला आणि हेन्रीच्या हातांतच त्याने प्राण सोडला. त्याच महिन्याच्या अखेरीस इमर्सनचा पाच वर्षांचा मुलगा तापाने दगावला. भाऊ गमावलेला तरुण आणि पुत्र गमावलेला पिता एकाच छपराखाली राहत होते.

कॉन्कॉर्डमधील वातावरण वरवर पाहता सुसंस्कृत होते. परंतु गुलामगिरीचा प्रश्न निघाला की प्रतिष्ठितांची पंचाईत होई. १ ऑगस्ट १८४४ रोजी वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या मुक्तीनिमित्त इमर्सनचे भाषण ठरले होते. चर्चची घंटा वाजवून लोकांना बोलावण्याची तेथे प्रथा होती, पण घंटा वाजविण्याची जबाबदारी घेण्यास कोणी धजेना. अखेर थोरो धावत गेला आणि त्याने स्वतःच दोर ओढला. पुढील वर्षी गावच्या लायसियममध्ये, म्हणजे आपल्याकडील व्याख्यानमालांसारख्या संस्थेत, गुलामगिरीविरोधी वक्ता वेंडेल फिलिप्स याला बोलावण्यावरून वाद पेटला. विरोध करणारे पदाधिकारी पायउतार झाले. त्यांच्या जागी निवडल्या गेलेल्यांत इमर्सन व थोरो होते. फिलिप्सचे भाषण झाले आणि थोरोने त्याचा वृत्तांत लिहून 'लिबरेटर' या पत्रात छापून आणला. न पटणारे मतही ऐकून घेण्याचे धैर्य गावाने दाखवावे, हा त्याचा आग्रह होता.

त्यानंतर चारच महिन्यांनी, ४ जुलै १८४५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहावयास गेला. जमीन इमर्सनच्या मालकीची होती, झोपडी मात्र त्याने स्वतःच्या हातांनी उभारली होती. १० फूट रुंद व १५ फूट लांब अशा त्या घराला २८ डॉलर आणि साडेबारा सेंट इतका खर्च आला. अडीच एकर जमीन नांगरून त्याने प्रामुख्याने घेवडा लावला. हंगामाअखेर खर्च वजा जाता ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट हाती उरले. जेवणाचा खर्च आठवड्याला सुमारे २७ सेंट होता.

हा पै-पैचा हिशेब त्याने पुढे 'वॉल्डन' या ग्रंथात मांडला, तेव्हा काहींना तो विक्षिप्तपणा वाटला. परंतु त्यामागे एक निश्चित विचार होता. एखाद्या वस्तूची खरी किंमत पैशांत नव्हे, तर ती मिळविण्यासाठी खर्ची पडलेल्या आयुष्यात मोजावी, असे त्याचे म्हणणे होते. वर्षातील सहा आठवडे मजुरी केली की आपले भागते, हे त्याने स्वतःपुरते सिद्ध केले. उरलेला काळ त्याचा स्वतःचा होता. ज्याच्या गरजा अल्प, त्याला मालक, ग्राहक वा शेजारी यांच्या मर्जीची फिकीर करावी लागत नाही. थोरोच्या निर्भय वाणीचे मूळ या काटकसरीत सापडते.

तो एकलकोंडा मात्र नव्हता. झोपडी गावापासून जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवर होती आणि तो वरचेवर घरी जात असे. झोपडीतील तीन खुर्च्यांपैकी एक एकांतासाठी, दोन मैत्रीसाठी व तिन्ही समाजासाठी अशी वाटणी त्याने केली होती. कवी एलरी चॅनिंग, तत्त्वचिंतक ब्रॉन्सन अल्कॉट यांची तेथे ये-जा असे.

जुलै १८४६ मध्ये डोईपट्टी न भरल्याबद्दल त्याला अटक झाली. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या व मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर देणार नाही, ही त्याची भूमिका होती. दुसऱ्या दिवशी कोणीतरी परस्पर रक्कम भरली आणि त्याला सोडण्यात आले. सुटल्यावर तो दुरुस्तीस दिलेला बूट घेऊन थेट हकलबेरीची फळे वेचण्यास निघालेल्या मंडळींत सामील झाला. अर्ध्या तासात तो टेकडीवरच्या झुडपांत होता. त्या एका रात्रीच्या अनुभवावर त्याने १८४८ मध्ये लायसियममध्ये व्याख्यान दिले. १८४९ मध्ये ते निबंधरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्याच्या मृत्यूनंतर 'सविनय कायदेभंग' या अर्थाच्या शीर्षकाने जगभर पोहोचले.

१८४९ हेच वर्ष इमर्सनशी असलेल्या मैत्रीला तडा देणारे ठरले. भावासोबत केलेल्या नौकाप्रवासावरील पहिले पुस्तक थोरोने इमर्सनच्या सल्ल्याने स्वतःच्या जोखमीवर छापले. हजार प्रतींपैकी ७०६ प्रती चार वर्षांनी प्रकाशकाने परत पाठविल्या. त्या त्याने स्वतःच्या पाठीवरून माडीवर वाहून नेल्या. कर्ज फेडण्यासाठी पेन्सिली बनविल्या आणि जमीनमोजणीची कामे केली. आधी भरपूर स्तुती करणाऱ्या मित्राने पुस्तक छापून झाल्यावर दोष दाखवावेत, याचे त्याला फार वाईट वाटले. स्पष्ट बोलायचे असेल तर ते वेळेवर बोलावे, अशी त्याची मैत्रीकडून अपेक्षा होती. इकडे इमर्सनलाही, एवढ्या बुद्धीचा माणूस रानोमाळ फळे वेचत हिंडतो, याची खंत वाटत राहिली. दुरावा आला, तरी दोघांनी संबंध तोडले नाहीत. मैत्री टिकली, पण पहिली ऊब राहिली नाही.

या कडवट वर्षांतच थोरोचे वनस्पतिप्रेम शास्त्रशुद्ध झाले. तो रोज चार-चार तास चालू लागला. टोपीच्या आत त्याने एक कप्पा करून घेतला होता. तोडलेली फुले-पाने त्यात ओलसर राहत. संगीताच्या एका जुन्या वहीत तो नमुने दाबून ठेवी. त्याच्या संग्रहात ९०० हून अधिक नमुने जमले. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, याच्या नोंदी त्याने १८५१ पासून १८५८ पर्यंत ठेवल्या. त्यासाठी तो दलदलीत उतरे, तीच जागा पुन्हा पुन्हा पाहून येई.

वनस्पतिवेड्यांची मैत्री कशी असते, याचा एक सुंदर प्रसंग ३१ मे १८५३ चा आहे. बहीण सोफियाने गुलाबी अझेलियाचे एक फूल घरी आणले. हे झुडूप गावात आहे, हे थोरोला ठाऊक नव्हते. तो घरोघर विचारत निघाला. सगळे धागे जॉर्ज मेल्विन नावाच्या शिकाऱ्यापाशी पोहोचत होते. प्रतिष्ठितांच्या दृष्टीने मेल्विन म्हणजे दारू पिऊन भटकणारा माणूस. घराच्या मागील दारी तो सावलीत बसला होता आणि शेजारी अझेलियाने भरलेली बादली होती. झुडपाची जागा मात्र सांगेना. आपण वनस्पतींचे अभ्यासक आहोत, तुम्ही सांगितले तर श्रेय तुमचे, न सांगितले तरी आपण शोधणारच, असे थोरोने त्याला ऐकविले. मेल्विन हसत-कुरकुरत तयार झाला. दोघे आणि मेल्विनचा कुत्रा थोरोच्या होडीतून नदीपलीकडे गेले. मेल्विनला हे झुडूप दहा वर्षांपासून माहीत होते. थोरोने देऊ केलेले पैसे त्याने घेतले नाहीत. हार्वर्डचा पदवीधर आणि गावचा भटक्या या दोघांना त्या दुपारी एका झुडपाने समान पातळीवर आणले होते.

वनस्पती त्याच्या राजकीय बोलण्यातही येत. १८५४ च्या मे महिन्यात अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला बोस्टनमध्ये पकडण्यात आले आणि व्हर्जिनियात परत पाठविण्यात आले. ४ जुलै रोजी फ्रेमिंगहॅम येथील निषेध सभेत थोरोने आपल्याच राज्याच्या न्यायाधीशांवर व वृत्तपत्रांवर कठोर टीका केली. भाषणाच्या शेवटी त्याने चिखलातून उमलणाऱ्या पांढऱ्या कुमुदाचा दाखला दिला आणि माणसाच्या कृतीलाही असाच सुगंध असावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. पाच आठवड्यांनी 'वॉल्डन' प्रसिद्ध झाले.

१८५८ मध्ये त्याचा संघर्ष थेट एका झाडावरून झाला. मेनच्या जंगलातील प्रवासावरचा त्याचा लेख 'अटलांटिक मंथली'मध्ये क्रमशः येत होता. पाइन वृक्ष माणसाइतकाच अमर आहे, कदाचित स्वर्गातही तो आपल्याहून उंच उभा असेल, अशा आशयाचे वाक्य त्यात होते. ते धार्मिक वाचकांना खटकण्याजोगे होते. मुद्रितात त्यावर काट मारलेली पाहून थोरोने वाक्य कायम ठेवण्याची खूण केली. तरीही संपादक जेम्स रसेल लॉवेलने ते गाळले. आपली मते मान्य करा असा आपला आग्रह नाही, परंतु न विचारता ती गाळणे भ्याडपणाचे आहे, असे त्याने लॉवेलला कळविले. लॉवेल संपादक असेपर्यंत त्याने त्या मासिकाला पुन्हा एक ओळही दिली नाही. लेखनाच्या मानधनावर त्याचा संसार अवलंबून असता तर हा बाणेदारपणा परवडला असता का, हा प्रश्नच आहे.

ऑक्टोबर १८५९ मध्ये गुलामगिरीविरोधी बंडखोर जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला आणि तो पकडला गेला. त्याच्या बाजूने बोलण्यास समर्थकही कचरत होते. थोडे थांबावे, असा सल्ला थोरोलाही मिळाला. आपण सल्ला मागितलेला नसून केवळ सूचना दिली आहे, असे त्याने कळविले आणि ३० ऑक्टोबर रोजी कॉन्कॉर्डमध्ये ब्राऊनची जाहीर बाजू मांडली. दोन दिवसांनी बोस्टनमध्ये फ्रेडरिक डग्लस येऊ न शकल्याने त्याच्या जागी थोरोच बोलला.

पुढील वर्षी शेतकऱ्यांच्या मेळाव्यात त्याने पाइनचे बन तोडल्यावर तेथे ओक का उगवतात, याचे विवेचन केले. खारी व पक्षी बिया वाहून नेतात, हे त्याने वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून दाखविले. डिसेंबर १८६० मध्ये थंडी बाधून त्याचा जुना क्षय उफाळला. हवापालटासाठी मिनेसोटाला जाताना सोबतीस होरेस मान हा १७ वर्षांचा वनस्पतिअभ्यासक होता. आजारातही दोघे नमुने गोळा करीत राहिले. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, थोरोचे निधन झाले. रानफळे व बीजप्रसार यांवरील त्याची हस्तलिखिते अपुरीच राहिली. अंत्यविधीच्या वेळी इमर्सननेच भाषण केले. त्यात प्रेम होते, तसा हकलबेरी वेचण्यात गुंतून पडल्याचा जुना आक्षेपही होता. मृत मित्राविषयीही गोड खोटे न बोलण्याचा हा स्पष्टपणा थोरोला बहुधा मान्य झाला असता.

तो आक्षेप काळाने खोडून काढला. रिचर्ड प्रायमॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी थोरोच्या नोंदींशी तुलना करून २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कॉन्कॉर्डमधील फुले थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी उमलू लागल्याचे आणि त्याने नोंदविलेल्या जातींपैकी २७ टक्के तेथून नाहीशा झाल्याचे त्यात दिसून आले. हवामान बदलाचा हा भक्कम पुरावा रानोमाळ हिंडणाऱ्या एका 'रिकामटेकड्या'च्या वह्यांतून मिळाला.

थोरोचा कायदेभंगाचा निबंध महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला व त्याचा परिचय आपल्या वाचकांना करून दिला. मराठीत 'वॉल्डन' आणले ते दुर्गा भागवतांनी. ऋतूंचे आणि झाडाफुलांचे रंग 'ऋतुचक्र'मध्ये टिपणाऱ्या दुर्गाबाईंनी १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला व पुढील वर्षी तुरुंगवास पत्करला. त्यांची राहणीही साधी होती. झाडांकडे निरखून पाहणारे आणि फारसे काही गमावण्यासारखे नसलेले लोक सत्तेला अवघड जातात, हे कॉन्कॉर्डप्रमाणे महाराष्ट्रानेही पाहिले आहे.