श्रीमंत सयाजीराव गायकवाड : राजाज्ञा आणि प्रजेचा वाटा

शासनाने आखलेल्या योजनेत लोकांनी आपण होऊन भाग घ्यावा, ही अपेक्षा लोकशाहीच्या काळात जन्मली अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु भारतीय भाषांच्या व ग्रंथसंस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास या अपेक्षेचा एक ठळक प्रयोग एका संस्थानात, एका अनियंत्रित सत्ताधीशाच्या हातून झालेला आढळतो. हे संस्थान म्हणजे बडोदे आणि सत्ताधीश म्हणजे श्रीमंत सयाजीराव गायकवाड, तिसरे. राजाने आज्ञा करावी आणि प्रजेने ती पाळावी, या चाकोरीत वाढलेल्या राज्यात लोकांचा वाटा कसा मागावा, हा प्रश्न त्यांना जवळजवळ सहा दशके सोडवावा लागला. त्याची त्यांनी दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत. त्यांतील फरकाच्या अंगाने त्यांच्या चरित्राकडे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव व वडिलांचे काशीराव. गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतील हे कुटुंब शेतीवर निर्वाह करीत होते. १८७५ च्या एप्रिल महिन्यात मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. त्यांनी पुढे आणलेल्या मुलांतून बारा वर्षांच्या गोपाळरावांची निवड केली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधी होऊन ते गादीवर आले. त्या दिवसापर्यंत त्यांना अक्षरओळख जवळजवळ नव्हतीच. पुढे ज्यांनी शिक्षण सक्तीचे केले, त्यांना निरक्षरता ही केवळ अहवालातील बाब नव्हती. तिचा त्यांनी स्वतः अनुभव घेतला होता, हे ध्यानी घेतले पाहिजे.

त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी इलियट या इंग्रज अधिकाऱ्यावर सोपविण्यात आली. राज्यकारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या चार भाषांतून अभ्यास झाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा महाराजांचे वय अठरा वर्षांचे होते.

ज्या राज्याचे ते अधिपती झाले त्याची रचना विचित्र होती. बडोदे, कडी, नवसारी व अमरेली हे प्रांत परस्परांपासून तुटलेले असून मधूनमधून ब्रिटिश मुलूख व इतर संस्थाने पसरलेली होती. सुमारे वीस लाखांच्या लोकसंख्येत बहुतेक सर्व प्रजा गुजराती बोलणारी होती, तर राजघराणे, सरदारवर्ग आणि अधिकाऱ्यांचा एक मोठा गट मराठी होता. राज्यकर्ता व प्रजा यांची भाषा भिन्न असली म्हणजे सरकारी योजना ही बाहेरून आलेली गोष्ट वाटणे स्वाभाविक ठरते. सयाजीरावांनी या अंतराची दखल आरंभीच घेतली. कारभारात व कायद्यांत गुजरातीला स्थान देण्याचे धोरण त्यांनी दीर्घकाळ चालविले. कायदा ज्याला लागू व्हावयाचा त्याला तो वाचता आला पाहिजे, हे तत्त्व या धोरणाच्या मुळाशी होते.

त्यांच्या पहिल्या मोठ्या योजनेत मात्र लोकांच्या संमतीपेक्षा आज्ञेवरच भर होता. १८९३ साली अमरेली शहर व आसपासच्या काही खेड्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तो तेरा वर्षे पारखून पाहिल्यानंतर १९०६ साली सर्व राज्यात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा ठरली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळापुढे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात जे अव्यवहार्य ठरविले गेले, ते एका संस्थानात तोपर्यंत सहा वर्षे चालू होते.

परंतु या यशाला एक दुसरी बाजू होती. शेतीच्या हंगामात मूल म्हणजे घरातील दोन हात. गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाखरे हाकणे ही कामे मुलांकडेच असत. दंडाच्या रकमा वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर आकारल्या जात होत्या, याचा अर्थ कायदा जागृत होता असाही होतो आणि लोकांनी तो अद्याप आपला मानला नव्हता असाही होतो. शाळेच्या हजेरीपटावर नाव लागले तरी शाळा सोडल्यावर वाचावयास काही नसेल, तर शिकलेली अक्षरे काही वर्षांत पुसली जातात. सक्तीच्या शिक्षणाची ही मर्यादा महाराजांच्या लक्षात आली आणि तिच्यातूनच त्यांच्या दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या योजनेला चालना मिळाली.

ती योजना ग्रंथालयांची. या क्षेत्रात सरकारच्या आधी लोक उतरले होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मोतीभाई अमीन या शिक्षकाने १९०६ च्या सुमारास मित्रमंडळांच्या द्वारा खेडोपाडी वाचनालये उभारण्यास प्रारंभ केला होता. महाराजांनी या कार्याला राज्याचे पाठबळ दिले. १९१० साली अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिल्यानंतर त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे राहिले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह महाराजांनी लोकांसाठी खुला केला व त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय आकारास आले. १९११ साली ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ही धुरा वाहिली. त्या खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांतून मजकूर देत असे. ग्रंथालयशास्त्राचा विचार भारतीय भाषांतून मांडण्याचा हा आपल्याकडील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय.

या योजनेचे मर्म मात्र तिच्या आर्थिक रचनेत आहे. ज्या गावाला ग्रंथालय हवे असेल त्याने खर्चाचा एक वाटा वर्गणीने जमवावा, तेवढाच वाटा प्रांत पंचायतीने द्यावा आणि तेवढाच सरकारने, असा तीन वाट्यांचा नियम होता. इमारतीलाही हेच तत्त्व लागू होते. गावाने काही केले नाही तर सरकारही काही करीत नसे. दंड नव्हता, सक्ती नव्हती. गावाची रक्कम जमली की उरलेल्या दोन वाट्यांचा हक्क आपोआप निर्माण होई. यामुळे याचक व दाता हे नाते बदलले. वर्गणी देणारा शेतकरी ग्रंथालयाचा भागीदार झाला आणि पुस्तके कोणती घ्यावीत यावर बोलण्याचा त्याला अधिकार आला. ज्या गावांना एवढेही शक्य नव्हते त्यांच्याकडे फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या जात. प्रत्येक पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके असत व वाहतुकीचा खर्च राज्य सोशीत असे. पेटी बहुधा शाळामास्तरांच्या ताब्यात राही. महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरीस राज्यातील ग्रंथालयांची संख्या हजाराहून अधिक झाली होती.

ग्रंथालयांना ग्रंथ हवेत व ते लोकांच्या भाषेत हवेत, हे ओघानेच आले. १९१२ साली बडोद्यास गुजराती साहित्य परिषद भरली. त्या निमित्ताने महाराजांनी देशी भाषांतील ग्रंथनिर्मितीसाठी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला. त्यातून श्रीसयाजी साहित्यमाला व सयाजी बालज्ञानमाला यांची गुजराती व मराठी पुस्तके निघाली. १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत दुर्मिळ संस्कृत ग्रंथ प्रकाशित होऊ लागले व १९२७ साली प्राच्यविद्या मंदिराची स्थापना झाली. १९३१ साली निघालेला श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू हा कोश या साऱ्या खटाटोपाचे तात्पर्य सांगतो. इंग्रजी शासनशब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली पर्याय त्यात दिले आहेत. कारभाराची परिभाषा लोकभाषेत नसेल तर लोकसहभाग हा शब्दच पोकळ राहतो, ही जाणीव या कोशामागे होती असे म्हणावयास हरकत नाही.

राजकीय क्षेत्रात त्यांनी लोकांना कितपत वाटा दिला, हे पाहिले असता चित्र संमिश्र दिसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रामपंचायतींचे पुनरुज्जीवन झाले, तालुका व प्रांत पातळीवर निवडलेल्या सभासदांना स्थान मिळाले आणि १९०७-०८ च्या सुमारास धारासभा अस्तित्वात आली. रमेशचंद्र दत्त यांच्यासारखा इतिहासकार व कादंबरीकार या काळात बडोद्याच्या कारभारात होता. तथापि धारासभेला सल्ल्यापलीकडे फारसे अधिकार नव्हते. निर्णयाची अंतिम सत्ता हुजुरांकडेच राहिली. पुढे प्रजामंडळाने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली, ती या अपूर्णतेतूनच. ज्या प्रजेला वाचावयास शिकविले तीच प्रजा प्रश्न विचारू लागली.

आज्ञेची सर्वांत कठोर मर्यादा सामाजिक क्षेत्रात प्रकट झाली. अस्पृश्यांसाठी शाळा काढण्यास महाराजांनी कारकिर्दीच्या आरंभीच सुरुवात केली होती. परंतु तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होत नसत. १९०८ मध्ये पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून या शाळांचे काम सोपवावे लागले. १९१३ साली भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी बडोदे राज्याची शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्यांना राजधानीत राहण्यास जागा मिळाली नाही, कचेरीत अवहेलना सोसावी लागली व अल्पावधीतच शहर सोडावे लागले. राजाची सही विद्यापीठाचे दार उघडू शकली, पण आपल्याच नगरातील एका घराचे दार तिला उघडता आले नाही. सयाजीरावांच्या चरित्रकाराने हा प्रसंग वगळता कामा नये. त्यांच्या कार्याची किंमत त्यामुळे कमी होत नाही. ते कोणत्या अडथळ्यांशी झुंजत होते हे मात्र त्यातून कळते.

मराठी साहित्याशी त्यांचा संबंध केवळ आश्रयदात्याचा नव्हता. १९०९ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले आणि १९३२ साली कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी भूषविले. बाराव्या वर्षी अक्षरे गिरवू लागलेला कवळाण्याचा मुलगा एका भाषेच्या लेखकांसमोर अध्यक्ष म्हणून उभा राहिला, हा त्यांच्या आयुष्यातील फार मोठा प्रवास होय. त्यांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई यांनी १९२७ साली पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारले होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विद्यापीठ बडोद्यास स्थापन झाले.

त्यांच्या दोन प्रमुख योजनांची तुलना केली असता एक गोष्ट स्पष्ट होते. शिक्षणाचा कायदा आज्ञेवर उभा होता व ग्रंथालयांची योजना वाट्यावर. पहिल्याशिवाय दुसरीला वाचक मिळाले नसते, आणि दुसरीशिवाय पहिल्याचे फळ टिकले नसते. तेव्हा सक्ती वाईट व सहभाग चांगला असा सोपा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मूल आपल्या हक्कासाठी स्वतः भांडू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने शासनाने आज्ञा करणे समर्थनीय ठरते. प्रौढ गावकऱ्याला मात्र आज्ञा देऊन वाचक करता येत नाही. त्याच्यापुढे वाटा ठेवावा लागतो, तो नाकारण्याचे स्वातंत्र्य द्यावे लागते आणि त्याने तो उचलला तर आपला शब्द पाळावा लागतो. कोठे आज्ञा करावी व कोठे थांबून गावाच्या वर्गणीची वाट पाहावी, हा विवेक सयाजीरावांपाशी बऱ्याच अंशी होता. सत्तेचा वाटा देण्याच्या बाबतीत तोच विवेक त्यांनी पूर्णपणे चालविला नाही, हेही तितकेच खरे. भारतीय भाषांतील ग्रंथव्यवहाराचा इतिहास लिहिताना बडोद्यातील त्या लाकडी पेट्यांची आणि तीन वाट्यांच्या हिशेबाची नोंद या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवूनच करावी लागेल.