शनिवारवाड्यातील खून आणि रामशास्त्रींचा निकाल

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेल्या क्षेत्र माहुली येथे १७२० च्या सुमारास विश्वनाथपंत प्रभुणे यांच्या घरी रामशास्त्रींचा जन्म झाला. पुढे पेशवाईचे न्यायासन ज्यांच्या नावाने ओळखले गेले, त्या या पुरुषाचे बालपण मात्र विद्येवाचूनच गेले. साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे ते वरकड कामे करीत. धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या अंगावरील रत्नांवर खिळली, त्यावरून बोलणी खावी लागली आणि त्या अपमानाच्या तिरिमिरीत त्यांनी काशीची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. तिचा तपशील कसाही असो; पाठशाळेत बसण्याचे वय उलटून गेल्यावर त्यांनी बाळंभट्ट पायगुंडे यांच्याकडे धर्मशास्त्राचे अध्ययन केले, एवढे खरे.

१७५१ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या दरबारी ते शास्त्री म्हणून रुजू झाले. बाळकृष्णशास्त्री गाडगीळ यांच्या निधनानंतर १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीशपद त्यांच्याकडे आले.

या पदाचा अधिकार आजच्या न्यायालयाच्या कल्पनेने मोजता येणार नाही. मराठी मुलखात बहुतेक तंटे गोतसभा, पंचायत आणि मजलसीतच निकालात निघत. वादी-प्रतिवादींकडून जामीन व राजीनामे घेतले जात, साक्षी होत, आणि निर्णयाचा महजर सर्वांच्या साक्षीने लिहिला जाई. जिंकणाऱ्याने हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावी, असा शिरस्ता होता. पुरावा अपुरा पडला तर उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्यही करावे लागे. न्यायाधीश या सर्वांच्या वर असे. पण त्याच्या हाती ना स्वतंत्र फौज, ना स्वतंत्र खजिना. निकाल अमलात आणायचा तो पेशव्यांच्या हुकमाने. अर्थात, आरोपी पेशव्यांच्याच घरातला निघाला तर काय, या प्रश्नाला त्या व्यवस्थेत उत्तर नव्हते.

थोरल्या माधवरावांच्या काळात हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तो तरुण पेशवा शास्त्रीबोवांचा शब्द ऐकणारा होता. माधवराव जपजाप्यात अधिकाधिक रमू लागले आणि दरबारची कामे खोळंबली, तेव्हा रामशास्त्रींनी काशीला जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणधर्मच पाळायचा असेल तर दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे, आणि राज्य करायचे असेल तर प्रजेचे पालन हाच धर्म मानावा, असा त्यांचा आशय होता. पेशव्यांनी अनुष्ठाने आवरती घेतली. धन्याला त्याच्या तोंडावर असे सांगणारा आणि ते मुकाट्याने ऐकून घेणारा धनी, अशी जोडी कोणत्याही दरबारात विरळाच.

नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भरदिवसा, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. पेशवा अवघा अठरा वर्षांचा होता. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. पुण्यातील मुत्सद्दी मनातून हादरले होते, तरी उघड बोलण्याची कोणाची छाती होईना. रामशास्त्रींनी मात्र चौकशी आरंभली. गारद्यांना दिलेला लेखी हुकूम हाच त्यातील कळीचा पुरावा ठरला. नारायणरावांना धरावे, असा रघुनाथरावांचा मूळ हुकूम होता आणि त्यातील ‘ध’चा कोणी ‘मा’ केला, ही कथा आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. लोकांनी ते पाप आनंदीबाईंच्या माथी मारले. पण अक्षर बदलणारा हात कोणाचा, यापेक्षा धरण्याचा हुकूम कोणी दिला, हा प्रश्न न्यायाच्या दृष्टीने मोठा होता. कटात लहानमोठी सुमारे पन्नास माणसे गुंतल्याचे निष्पन्न झाले आणि त्यांच्या मुळाशी खुद्द रघुनाथराव होते. त्यांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा रामशास्त्रींनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले.

येथे प्राचीन अथेन्सची आठवण होते. तेथे जाणूनबुजून केलेल्या मनुष्यवधाचे खटले अरिओपागस या माजी अधिकाऱ्यांच्या सभेपुढे चालत. इतर बहुतेक खटल्यांत शेकडो नागरिक पंच म्हणून बसून मतदान करीत. पद सोडणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. दोष एका व्यक्तीने नव्हे, तर साऱ्या सभेने ठरवायचा, ही त्यातील सोय. पुण्यात तशी सभा नव्हती. दोष ठरवणारे एकटे शास्त्री होते, आणि दोषी मसनदीवर बसलेला होता. (अथेन्सचीही स्तुती बेतानेच करावी. अरिओपागसचे अधिकार इसवी सनापूर्वी ४६२ च्या सुमारास कमी करणाऱ्या एफिआल्तीसचा लवकरच खून झाला आणि त्यामागचा हात कोणाचा, हे नीटसे उलगडले नाही.)

निकालाची अंमलबजावणी होणे शक्यच नव्हते. रघुनाथरावांच्या कारभारात पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे बजावून रामशास्त्रींनी पद सोडले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. त्यांना अडवण्याची वा इजा करण्याची हिंमत रघुनाथरावांना झाली नाही.

न्यायासनाला जे साधले नाही ते पुढे सल्लामसलतीने साधले. रघुनाथराव स्वारीवर गेलेले पाहून नाना फडणीस, सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी मंडळींनी बारभाईंचे कारस्थान उभारले. नारायणरावांच्या गर्भवती पत्नी गंगाबाई यांना जानेवारी १७७४ मध्ये पुरंदरावर हलवून त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिलला पुत्र झाला. चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईची वस्त्रे मिळाली. बारभाईंना हे बळ केवळ फौजेमुळे आले नव्हते. रघुनाथराव खुनी आहेत, हे न्यायाधीशाने आधीच सांगून ठेवले होते.

बारभाईंनी रामशास्त्रींना सन्मानाने परत बोलावले. पुन्हा न्यायासनावर बसलेले शास्त्रीबोवा तसेच राहिले. घरात त्या दिवसापुरताच शिधा ठेवण्याचा त्यांचा नेम होता, असे सांगतात. श्रावणी दक्षिणेच्या वेळी त्यांचे बंधू आले असता नानांनी अधिक रक्कम देऊ केली. तेव्हा भाऊ असला तरी इतरांइतकेच द्यावे, असा शास्त्रींनी आग्रह धरल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्यांच्याविषयी मोठ्या आदराने लिहिले आहे.

देहान्त प्रायश्चित्त मात्र रघुनाथरावांनी कधीच घेतले नाही. ते मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले, ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह झाला आणि त्यातून निघालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. त्या तहाने त्यांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. डिसेंबर १७८३ मध्ये कोपरगाव येथे ते निधन पावले. रामशास्त्री २५ ऑक्टोबर १७८९ रोजी वारले. त्यानंतर सात वर्षांनी, १७९६ च्या डिसेंबरात, रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले.