काचेच्या फुलांमागची क्लारा

रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेली दिव्याची शेड आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेली असते. एखाद्या हॉटेलात, फर्निचरच्या दुकानात, नाहीतर इंग्रजी सिनेमातल्या दिवाणखान्यात. दिवा लावला की काचेतली पानं-फुलं उजळतात आणि खोलीभर मऊ प्रकाश पसरतो. या दिव्यांना सगळं जग ‘टिफनी लॅम्प’ म्हणून ओळखतं. टिफनी हे नाव न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याचं. वडील चार्ल्स टिफनी यांची हिऱ्या-मोत्यांची पेढी, तर मुलगा लुई कम्फर्ट टिफनी काचकामातला मोठा कलावंत. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षं सगळे असंच धरून चालले होते की, हे दिवे लुई टिफनींच्याच कल्पनेतून आले. पण मैत्रिणींनो, त्यातले कितीतरी गाजलेले दिवे एका बाईने घडवले होते. तिचं नाव क्लारा ड्रिस्कॉल.

क्लाराचा जन्म १८६१ सालचा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टॉलमॅज नावाचं छोटं गाव, तिथली ही वोल्कॉट घराण्यातली मुलगी. चार बहिणींत थोरली. बारा वर्षांची असताना वडील गेले. घरात सगळ्या बायकाच. पण आई खंबीर होती, तिने मुलींना शिकवलं. त्या काळी शिकलेल्या मुलीने फार तर शाळामास्तरीण व्हावं, अशी समजूत होती. क्लाराला मात्र चित्रकलेची ओढ. ती क्लीव्हलंडला मुलींच्या डिझाइन शाळेत शिकली, एका फर्निचरवाल्याकडे नक्षीकाम केलं आणि १८८८ मध्ये धाकट्या बहिणीला, जोसेफीनला घेऊन थेट न्यूयॉर्कला गेली. तिथे मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या कलाशाळेत नाव घातलं. लवकरच दोघी बहिणींना टिफनींच्या कारखान्यात कामही मिळालं.

पण त्या कारखान्याचा एक नियम होता. नोकरी करणारी मुलगी अविवाहित हवी. साखरपुडा झाला, लग्न ठरलं की तिने घरी बसायचं. पुरुषांना अर्थातच असली काही अट नव्हती! १८८९ मध्ये क्लाराने फ्रान्सिस ड्रिस्कॉल यांच्याशी लग्न केलं. ते वयाने तिच्यापेक्षा बरेच मोठे होते. नियमाप्रमाणे तिने काम सोडलं. तीनच वर्षांत नवरा गेला आणि तिशीतली क्लारा पुन्हा टिफनींच्या दारात उभी राहिली. दुःख तर होतंच, पण पोटाचाही प्रश्न होता.

आणि नेमकं त्याच वेळी, १८९२ मध्ये, काचकामगार पुरुषांनी संप केला होता. दुसऱ्या वर्षी शिकागोला मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. टिफनींना तिथे आपलं काम मांडायचं होतं आणि कारागीर तर संपावर! मग त्यांनी बायकांचा वेगळा काचविभाग सुरू केला. क्लारा त्याची प्रमुख झाली. सुरुवातीला सहा मुली होत्या, दोन वर्षांत त्या पस्तीस झाल्या. पुढे त्यांना ‘टिफनी गर्ल्स’ असं नाव पडलं.

हे काम दिसतं तितकं सोपं नव्हे. आधी शेडच्या आकाराचा साचा, त्यावर फुलापानांचं रंगीत चित्र. चित्रातल्या प्रत्येक पाकळीचा, प्रत्येक पानाचा वेगळा नमुना कापायचा. मग काच निवडायची, आणि खरी कला इथेच. टिफनींच्या काचेत रंग ओतीव असायचे; एकाच तुकड्यात निळा फिकट होत जांभळा व्हायचा, हिरव्यात पिवळी झाक उतरायची. पाकळीच्या टोकाला नेमकी कुठली छटा यावी, हे बघून मोठ्या काचेचा तेवढाच भाग उचलायचा. पैठणीचा पदर निवडताना आपण तो उजेडात धरून बघतो ना, तशा या मुली काच खिडकीशी धरून बघायच्या. मग ती कापायची आणि कडेला तांब्याची बारीक पट्टी गुंडाळायची. शेवटी पुरुष कामगार कथिल वितळवून तुकडे सांधायचे. क्लाराच्या प्रसिद्ध ‘विस्टेरिया’ दिव्यात, म्हणजे जांभळ्या फुलांचे घोस लोंबणाऱ्या वेलाच्या दिव्यात, असे सुमारे दोन हजार तुकडे आहेत! एकेका दिव्याची किंमत क्लाराच्या कित्येक आठवड्यांच्या पगाराइतकी असायची.

चतुर हा किडा आपण तळ्याकाठी बघतो. क्लाराने त्याचे जाळीदार पंख शेडच्या कडेला पसरले आणि त्यातून ‘ड्रॅगनफ्लाय’ दिवा जन्माला आला. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या दिव्याला कांस्यपदक मिळालं, तेही तिच्या नावाने. असा मान तिच्या वाट्याला क्वचितच आला. एरवी दिव्यावर शिक्का असायचा तो ‘टिफनी स्टुडिओज, न्यूयॉर्क’ एवढाच.

मधल्या काळात क्लाराने पुन्हा एकदा संसाराचा विचार केला. १८९६ मध्ये एडविन वॉल्डो नावाच्या गृहस्थाशी लग्न ठरलं. नियमाप्रमाणे पुन्हा नोकरी सोडली. आणि काय व्हावं? पुढच्या वर्षी दोघं प्रवासात असताना तो गृहस्थ अचानक नाहीसाच झाला! काही वर्षांनी परत उगवला म्हणे, पण तोवर क्लाराने आपला मार्ग धरला होता. ती पुन्हा कामावर रुजू झाली आणि तिचे सगळ्यात सुंदर दिवे झाले ते यानंतरच.

१९०३ मध्ये मोठंच संकट आलं. पुरुष कामगारांच्या संघटनेत बायकांना प्रवेश नव्हता आणि आता संघटनेने बायकांच्या विभागाविरुद्धच कंबर कसली. या बायका आमच्या तोंडचा घास काढतात, अशी त्यांची तक्रार. विभाग बंद पडतो की काय, अशी वेळ आली. शेवटी तडजोड झाली. विभाग राहील, पण त्यात सत्तावीसपेक्षा जास्त बायका नकोत. क्लाराच्या हाताखालच्या मुली कमी लायक होत्या असं कुणीच म्हणत नव्हतं. त्या फार चांगलं काम करत होत्या, हीच अडचण होती.

दुसरीकडे हिशेब बघणारे व्यवस्थापक होते. इतके तुकडे कशाला, इतका वेळ कशाला, स्वस्तातलं काही करा, असा त्यांचा धोशा. अशा वेळी लुई टिफनी मात्र तिच्या बाजूने उभे राहत. त्यांना तिच्या कामाची पारख होती, तिला मोकळीक होती, हे मान्यच करायला हवं. १९०४ मध्ये एका न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने तिची गणना वर्षाला दहा हजार डॉलर मिळवणाऱ्या बायकांमध्ये केली. प्रत्यक्षात तिचा पगार आठवड्याला पस्तीस डॉलरच्या आसपास होता! तरी त्या काळच्या बाईसाठी तो उत्तमच होता. ती भाड्याच्या खोलीत राहायची, सायकल चालवायची, नाटकं बघायची. स्वतःच्या कमाईवर मोठ्या शहरात जगणारी नव्या वळणाची बाई होती ती.

१९०९ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने एडवर्ड बूथ यांच्याशी लग्न केलं आणि टिफनींचा कारखाना कायमचा सोडला. नियम अजून तोच होता. तिची सहकारी अ‍ॅग्नेस नॉर्थ्रप हिने लग्नच केलं नाही आणि जवळजवळ पन्नास वर्षं काचेच्या खिडक्यांची चित्रं काढली. काम हवं की संसार, हा प्रश्न फक्त बायकांनाच घातला जात होता. पुढे क्लारा रेशमी स्कार्फ रंगवत राहिली आणि १९४४ मध्ये गेली.

तोवर तिच्या दिव्यांचेही दिवस फिरले होते. फॅशन बदलली, १९३२ मध्ये टिफनी स्टुडिओचं दिवाळं निघालं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. एगॉन न्यूस्टॅट आणि त्यांच्या पत्नीने एका जुन्या बाजाराच्या दुकानातून टिफनीचा दिवा अवघ्या साडेबारा डॉलरला घेतला. २०१८ मध्ये टिफनीच्याच एका कमळांच्या दिव्याला लिलावात तेहतीस लाख डॉलरहून जास्त किंमत आली!

दिव्यांची किंमत अशी वाढली, पण क्लाराचं नाव कसं वर आलं? तर पत्रांमुळे. आईला आणि बहिणींना ती नेमाने लांबलचक पत्रं लिहायची आणि ती घरात एकीकडून दुसरीकडे फिरायची. आज कुठला दिवा सुचला, कुणाशी वाद झाला, कोणती मुलगी लग्न ठरल्याने सोडून गेली, सगळं त्यात. घरच्यांनी ती जपली. पुढे ती केंट स्टेट विद्यापीठात आणि क्वीन्सच्या इतिहास संस्थेत पोचली. मार्टिन आयडेलबर्ग, नीना ग्रे आणि मार्गारेट हॉफर या अभ्यासकांनी ती वाचली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहास संस्थेत क्लारा आणि तिच्या मुलींचं प्रदर्शन भरवलं. १९०९ मध्ये कारखाना सोडलेल्या बाईला तिचं श्रेय मिळायला अठ्ठ्याण्णव वर्षं लागली.

आपल्या घरातल्या गोधड्या, रुखवतातलं भरतकाम, आजीच्या हातचा मोत्यांचा रुमाल... कुणी केलं ते आपल्यानंतर कुणाला ठाऊक असणार? क्लाराचं वाचल्यापासून आमच्या बचत गटात एक वही ठेवली आहे. कुठला नमुना कुणाला सुचला, कुणी विणला, ते नाव आणि तारखेसकट लिहितो. पिशवीवर छाप गटाचाच असतो, पण वहीत नाव जिचं तिचं. तुमच्याही घरी अशी एखादी वही घाला. जुनी पत्रं रद्दीत टाकण्याआधी एकदा वाचून बघा.