जॉक मॅकहेल आणि व्हिक्टोरिया पार्कचं मैदान



मेलबर्नमध्ये नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्या सहा महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. नोकरी कुठे, घर कुठे हे नंतर. आधी तुमची टीम कोणती? आपण बिचारे क्रिकेटचं काहीतरी उत्तर देतो आणि समोरचा हसतो. त्याला 'फूटी' विचारायची असते! लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायाने मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एवढं कळलं की निम्मा खेळ कळला. उरलेला निम्मा मैदानाबाहेर असतो, आणि तो कळायला जरा इतिहास लागतो.

आज हे सामने एमसीजी किंवा डॉकलंड्सच्या प्रचंड स्टेडियममध्ये होतात. पण आपल्या शेजारचे एखादे ऑस्ट्रेलियन आजोबा गप्पांत रंगले की वेगळीच नावं ऐकू येतात. एसेंडनचं विंडी हिल, कार्ल्टनचं प्रिन्सेस पार्क, नॉर्थ मेलबर्नचं आर्डेन स्ट्रीट, हॉथॉर्नचं ग्लेनफेरी ओव्हल, फुट्सक्रेचं वेस्टर्न ओव्हल, सेंट किल्डाचं मूराबिन. प्रत्येक उपनगराचं स्वतःचं मैदान, स्वतःचा संघ. शनिवारी दुपारी साऱ्या शहरात एकाच वेळी सामने सुरू व्हायचे. माणसं घरून चालत किंवा ट्रॅमने मैदानावर जायची, चिखलात उभी राहायची, हातात गरम मीट पाय, आणि संध्याकाळी घसा बसलेला!

या सगळ्या मैदानांत ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त प्रेम आणि सगळ्यात जास्त राग आढळतो, ते म्हणजे कॉलिंगवूडचं व्हिक्टोरिया पार्क. आणि त्या मैदानाची गोष्ट म्हणजे बऱ्याच अंशी एकाच माणसाची गोष्ट आहे. त्यांचं नाव जेम्स फ्रान्सिस मॅकहेल. सगळं मेलबर्न त्यांना 'जॉक' म्हणायचं.

बाहेरून आलेला मुलगा

गंमत बघा, कॉलिंगवूडचा मूर्तिमंत माणूस म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते मुळात मेलबर्नचेच नव्हते! मॅकहेल यांचा जन्म १२ डिसेंबर १८८२ चा, सिडनीजवळच्या बॉटनीचा. सिडनीत ऑस्ट्रेलियन रूल्सपेक्षा रग्बीचं वेड जास्त. कुटुंब आयरिश वंशाचं, कॅथलिक. ते लहान असतानाच घरचे मेलबर्नला आले आणि उत्तरेकडच्या कोबर्गमध्ये स्थिरावले. आपल्या मुलांप्रमाणेच हाही मुलगा आईबापांच्या निर्णयाने नव्या शहरात आला आणि तिथल्या खेळातून तिथला झाला.

त्या वेळचं कॉलिंगवूड म्हणजे कामगारांचं उपनगर. बुटांचे कारखाने, टोप्यांचे कारखाने, चामडं कमावण्याचे धंदे, दारूच्या भट्ट्या. छोटी, एकमेकांना चिकटलेली लाकडी घरं आणि यारा नदीच्या बाजूची सखल, दलदलीची जमीन. बाकीचं शहर या भागाकडे नाक मुरडून बघायचं. १८९२ साली इथे फुटबॉल क्लब निघाला आणि त्याच वर्षी व्हिक्टोरिया पार्कवर पहिला सामना झाला. शेजारच्या श्रीमंत उपनगरांना आठवड्यातून एकदा तरी हरवता येईल अशी जागा लोकांना मिळाली! काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट आणि 'मॅगपाय' हा पक्षी, ही त्यांची ओळख झाली.

१९०३ मध्ये विशीतले मॅकहेल या क्लबकडून खेळायला लागले. जागा मैदानाच्या मध्यभागी. फार चमकदार नाही, पण न थकणारे, न चुकणारे. १९०६ ते १९१७ या काळात त्यांनी सलग १९१ सामने खेळले. एकदाही दुखापतीचं किंवा आजारपणाचं कारण सांगून घरी बसले नाहीत. १९१० च्या विजेत्या संघात ते होते. एकूण २६१ सामने खेळले. आणि हे सगळं नोकरी सांभाळून! पोटापाण्यासाठी ते दारूच्या कारखान्यात काम करायचे, आणि पुढे कोच म्हणून नावारूपाला आल्यावरही ती नोकरी चालूच राहिली. त्या काळी फुटबॉलवर कोणाचं घर चालत नसे. दिवसभर काम आणि संध्याकाळी मैदानावर सराव, असा सगळ्यांचाच शिरस्ता होता.

अडतीस वर्षं एकच बाक

१९१२ साली क्लबने त्यांना कोच केलं. सुरुवातीला ते खेळतही होते आणि शिकवतही होते. ते त्या जागेवर राहिले थेट १९४९ पर्यंत. मंडळी, तब्बल ३८ हंगाम! मधे दोन महायुद्धं झाली, एक जागतिक मंदी येऊन गेली, खेळाडूंच्या दोन पिढ्या बदलल्या, पण व्हिक्टोरिया पार्कवरचा हा माणूस बदलला नाही. एकूण ७१४ सामन्यांत त्यांनी कोच म्हणून काम पाहिलं. हा विक्रम मोडायला २०१५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी मिक मॉल्टहाउस यांनी तो मागे टाकला, आणि तेही चार वेगवेगळ्या क्लबांचे मिळून. मॅकहेल यांचे सगळे सामने एकाच क्लबचे.

त्यांच्या हाताखाली कॉलिंगवूडने ८ वेळा प्रीमियरशिप जिंकली: १९१७, १९१९, १९२७, १९२८, १९२९, १९३०, १९३५ आणि १९३६. क्लबने आजपर्यंत जिंकलेल्या एकूण १६ प्रीमियरशिप धरल्या (शेवटची २०२३ ची), तर बरोबर निम्म्या या एका माणसाच्या!

१९२७ ते १९३० ही सलग चार वर्षं म्हणजे तर कळसच. असे सलग चार विजय त्यानंतर आजपर्यंत कोणालाही जमलेले नाहीत. त्या संघाला लोक 'द मशीन' म्हणायचे, म्हणजे यंत्र. १९२९ च्या हंगामात साखळीतले सगळेच्या सगळे १८ सामने त्यांनी जिंकले. त्याच वर्षी गॉर्डन कोव्हेंट्री यांनी एका हंगामात शंभरावर गोल करण्याचा पराक्रम केला, लीगमध्ये पहिल्यांदाच. सिड कोव्हेंट्री हे त्यांचे भाऊ आणि संघाचे कॅप्टन. शिवाय अल्बर्ट आणि हॅरी कॉलियर ही दुसरी भावांची जोडी. म्हणजे घरचंच कार्य असावं तसा संघ!

१९३० च्या ग्रँड फायनलची एक गोष्ट मला फार आवडते. त्या दिवशी मॅकहेल तापाने फणफणून घरी अंथरुणात पडलेले. संघाकडे त्यांच्या जागी क्लबचे जुने खेळाडू बॉब रश यांनी लक्ष दिलं. मध्यंतराला कॉलिंगवूड मागे होतं. पण नंतर यंत्र असं काही सुरू झालं की जिलाँगला ३० गुणांनी हरवलं. एखादी गोष्ट आपण नसतानाही चालली पाहिजे, यातच ती उभी करणाऱ्याची खरी पावती असते, नाही का?

सगळ्यांना सारखं

मॅकहेल हे डावपेचांचे जादूगार नव्हते. त्यांचा भर एका साध्या गोष्टीवर होता: संघापेक्षा कोणी मोठा नाही. कॉलिंगवूडमध्ये मोठ्या आणि छोट्या खेळाडूला पैसे सारखेच मिळत. लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून ब्राउनलो मेडल मिळवणारे सिड कोव्हेंट्री (१९२७) आणि अल्बर्ट कॉलियर (१९२९) असोत, नाहीतर कालच आलेला पोरगा असो, पाकीट एकच. आणि कोचने स्वतःही खेळाडूंपेक्षा जास्त मागितलं नाही. मंदीच्या काळात, जेव्हा कॉलिंगवूडच्या गल्ल्यांत घरोघरी बेकारी होती, तेव्हा या समानतेला फार किंमत होती. ज्याच्या घरी आठवडाभर काही शिजलं नाही, तोही शनिवारी व्हिक्टोरिया पार्कच्या कुंपणाशी उभा राहून जिंकलेल्यांत जमा व्हायचा.

पण इथेच या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो. तोही सांगायला हवा, नाहीतर ही नुसती आरती होईल.

काळ बदलत होता. दुसऱ्या स्पर्धेतले क्लब चांगल्या खेळाडूंना जास्त पैसे देऊ लागले. १९३८ आणि १९३९ अशी लागोपाठ दोन वर्षं शंभरावर गोल करणारा रॉन टॉड १९४० मध्ये आणि त्याच्यामागोमाग गुणी डेस फॉदरगिल, असे दोघे विल्यम्सटाउनला निघून गेले. कॉलिंगवूडने त्यांच्यासाठी नियम वाकवला नाही. मॅकहेल यांना हा घाव जिव्हारी लागला. त्यांच्या लेखी ती फितुरी होती. पण टॉडच्या बाजूने बघितलं तर? फुटबॉलची उमर किती, दहा वर्षं? तेवढ्यात चार पैसे गाठीशी बांधावेत असं एखाद्या कामगाराच्या पोराला वाटलं तर त्याचं काय चुकलं? जास्त पगारासाठी गाव सोडून इथे आलेल्या आपल्यासारख्यांनी तर या प्रश्नाचं उत्तर जपूनच द्यावं!

ज्या तत्त्वाने क्लब मोठा झाला, त्याच तत्त्वाने त्याची वाट अडवली. १९३६ नंतर मॅकहेल यांच्या कारकिर्दीत एकही प्रीमियरशिप आली नाही. तरी ते बाकावर बसतच राहिले. कधी उठावं हे न कळणं हा मोठ्या माणसांचा जुना आजार आहे.

शेवटी १९५० चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर ते बाजूला झाले. त्यांच्या जागी कमिटीने बर्विन वुड्स यांना नेमलं, पण लोकांना हवे होते लाडके फॉन्स काइन. मोठा गदारोळ झाला, वुड्स यांनी थोड्याच दिवसांत जागा सोडली आणि काइन कोच झाले. आपल्या मंडळांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही! (हलकेच घ्या हं.)

शेवटची ग्रँड फायनल

२६ सप्टेंबर १९५३. एमसीजीवर कॉलिंगवूड विरुद्ध जिलाँग. १७ वर्षं वाट पाहिल्यावर कॉलिंगवूडने ७७ विरुद्ध ६५ असा विजय मिळवला. सत्तरीतले मॅकहेल आता नुसते प्रेक्षक होते. ज्या विजयासाठी ते बाकावर बसून राहिले, तो आला तेव्हा बाकावर दुसरा कोणी होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं हॉल ऑफ फेम सुरू झालं, त्यात त्यांचं नाव पहिल्याच यादीत होतं. २००१ पासून प्रीमियरशिप जिंकणाऱ्या कोचला 'जॉक मॅकहेल मेडल' दिलं जातं. म्हणजे दर सप्टेंबरच्या शेवटी, सगळं मेलबर्न टीव्हीसमोर असताना, त्यांचं नाव एकदा तरी उच्चारलं जातं. पुढच्या वेळी ऐकलंत तर मुलांना सांगा, हे कोण ते.

मैदानाचं काय झालं?

मॅकहेल यांच्या काळात, १९४८ मध्ये, एका सामन्याला या छोट्याशा मैदानावर ४७,२२४ माणसं मावली होती. कशी मावली ते त्यांनाच ठाऊक! पुढे लीगचा कारभार वाढला, टीव्हीचा पैसा आला, बसायला खुर्च्या आणि गाड्या लावायला जागा हवी झाली. एकेक करून उपनगरांतली मैदानं बंद पडली. २८ ऑगस्ट १९९९ रोजी ब्रिस्बेन लायन्सविरुद्ध व्हिक्टोरिया पार्कवरचा लीगमधला शेवटचा पुरुषांचा सामना झाला. कॉलिंगवूड हरलं, आणि त्या हंगामात तळाला गेलं.

जुन्या आठवणी गोडच असतात असं मात्र नाही. याच मैदानावर १७ एप्रिल १९९३ रोजी सेंट किल्डाचे आदिवासी खेळाडू निकी विनमार यांना प्रेक्षकांनी वर्णावरून शिव्या दिल्या. सामना जिंकल्यावर त्यांनी शर्ट वर करून आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. ते छायाचित्र या देशाच्या इतिहासात जमा झालं. 'आपलं' मैदान म्हणताना त्यात कोणाला आपलं मानत नाही, हेही बघावं लागतं. आपण इथे रंगाने वेगळे दिसणारे लोक, आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आज व्हिक्टोरिया पार्क सगळ्यांना खुलं आहे. मर्न्डा किंवा हर्स्टब्रिजच्या गाडीने व्हिक्टोरिया पार्क स्टेशनला उतरलं की समोरच. १९२९ चा जुना रायडर स्टँड अजून उभा आहे, म्हणजे यंत्राच्या ऐन भराच्या वर्षातला! लोक कुत्री फिरवतात, पोरं चेंडू लाथाडतात, आणि कॉलिंगवूडच्या महिलांच्या संघाने इथे लीगचे सामने पुन्हा आणले.

गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्यांना कबड्डीची मैदानं आठवतात, कोणाला शाळेमागचं, कोणाला तालमीसमोरचं. त्यांतली बरीच आता उरली नाहीत. म्हणून शेजारचे आजोबा विंडी हिल किंवा व्हिक्टोरिया पार्कबद्दल बोलू लागले की घड्याळाकडे बघू नका. एक कप चहा टाका आणि ऐका. आणि एखाद्या रविवारी डबा घेऊन, मुलांना घेऊन त्या जुन्या स्टँडच्या पायऱ्यांवर जाऊन बसा. मुलांना सांगा, इथे एक माणूस सिडनीहून आला होता आणि अडतीस वर्षं बसला होता.

बाकी, तुमची टीम कोणती, हे अजून ठरलं नसेल तर घाई करू नका. पण एकदा ठरवलीत की बदलू नका. एवढा एक नियम मेलबर्नमध्ये सगळ्यांना सारखा आहे!