शिकणाऱ्याची गरज ओळखणाऱ्या शिक्षिका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

जागतिक परिचारिका दिन विशेष

नवी दिल्ली, १२ मे : आधुनिक परिचर्येच्या जनक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी सेविका ही त्यांची प्रतिमा सर्वपरिचित आहे. मात्र आरोग्याचे ज्ञान ज्याला द्यायचे, त्याची परिस्थिती पाहून ते देण्याची त्यांची दृष्टीही तितकीच मोलाची होती.

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका संपन्न इंग्रज कुटुंबात झाला. घरच्यांचा विरोध असतानाही त्यांनी १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरवर्थ येथे रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. क्रिमियाच्या युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या इस्तंबूलजवळील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे जखमांपेक्षा अस्वच्छतेतून पसरणाऱ्या रोगांनीच अधिक सैनिक दगावत होते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी या मृत्यूंची आकडेवारी तपासली. आकड्यांचे रकाने राज्यकर्ते वाचणार नाहीत, हे ओळखून १८५८ मध्ये त्यांनी ती माहिती रंगीत वर्तुळाकृतींत मांडली. टाळता येण्याजोगे मृत्यू किती होते, हे पाहताक्षणी कळू लागले.

त्यांचे परिचर्येवरील पुस्तक १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. घरातील आजाऱ्यांची काळजी घेणाऱ्या सर्वसामान्य स्त्रियांसाठी ते होते. परंतु श्रमिकांच्या घरची स्थिती निराळी होती. आई कामावर गेली की धाकट्या भावंडांना लहान मुलीच सांभाळत. म्हणून १८६१ मध्ये निघालेल्या श्रमिकांसाठीच्या स्वस्त आवृत्तीत नाइटिंगेल यांनी तान्ह्या बाळाच्या संगोपनावर नवे प्रकरण घातले आणि ते थेट त्या मुलींना उद्देशून लिहिले.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये त्यांच्या निधीतून परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. व्याख्यानांबरोबरच रुग्णाच्या खाटेशेजारी प्रत्यक्ष काम करून शिकणे हा तेथील शिक्षणाचा पाया होता. काही प्रशिक्षणार्थींचे शालेय शिक्षण बेताचेच असे. पुढे १८७० च्या दशकात त्यांचा अभ्यास घेण्यासाठी वसतिगृहात स्वतंत्र सिस्टर नेमण्यात आली. प्रकृती खालावल्याने नाइटिंगेल स्वतः शाळेत शिकवत नसत. तरीही त्या प्रशिक्षणार्थींना घरी बोलावून त्यांच्या अडचणी ऐकत आणि त्यांना पत्रे लिहीत. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला मात्र त्यांनी विरोध केला. परीक्षेतून सेवावृत्तीची पारख होत नाही, असे त्यांचे मत होते. या भूमिकेवर समकालीन परिचारिकांनी टीकाही केली.

१८९२ मध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात त्यांच्या पुढाकाराने ग्रामीण आरोग्यसेविकांचे प्रशिक्षण सुरू झाले. केवळ सभेतील व्याख्यानाने खेड्यातील आईच्या सवयी बदलत नाहीत, हे त्या जाणून होत्या. त्यामुळे सेविकांनी घरोघरी जावे, मैत्रीच्या नात्याने बोलावे आणि त्या घरात शक्य असेल तेच सुचवावे, यावर त्यांचा भर होता.

नाइटिंगेल कधीही भारतात आल्या नाहीत. तरी भारतातील आरोग्याचा प्रश्न त्यांनी सुमारे चार दशके लावून धरला. लष्करी छावण्यांपासून सुरू झालेला त्यांचा अभ्यास पुढे खेड्यांतील पाणी आणि स्वच्छतेपर्यंत पोहोचला. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. स्वच्छतेचे नियम वरून लादण्यापेक्षा ते ग्रामस्थांना समजावून सांगावेत, असा त्यांचा आग्रह होता.

१९०७ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. भारत सरकार १९७३ पासून त्यांच्या नावाने परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते. रुग्णालयातून घरी निघालेल्या रुग्णाला औषधे आणि पथ्य त्याला उमजेल अशा शब्दांत समजावणारी प्रत्येक परिचारिका आजही त्यांचेच कार्य पुढे नेत आहे.