अंगणातला हेडमास्तर

मुलांच्या एका कॅथलिक शाळेचा मुख्याध्यापक म्हणून गेल्या जूनमध्ये मी केबिनमध्ये पहिल्यांदा बसलो, तेव्हा समोरच्या भिंतीवर काळ्या झग्यातल्या, कुरळ्या केसांच्या एका हसऱ्या पाद्र्याची तसबीर होती. डॉन बॉस्को. मुंबईत डॉन म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे भलतंच कुणी येतं. इटलीत मात्र ती पाद्र्याच्या नावाआधी लावायची आदराची उपाधी. माटुंग्यामुळे हे नाव मुंबईकराच्या तोंडी आहे, पण माणूस कोण हे मला धड ठाऊक नव्हतं. ३१ जानेवारीला त्यांचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी मुलांसमोर दहा मिनिटं बोलायचं, म्हणून चरित्र वाचायला घेतलं आणि माझी झोप उडाली. त्याआधी, ऑक्टोबरात, नववीतल्या एका मुलाच्या दाखल्यावर मी सही केली होती. गैरहजेरी, मारामारी, वर्गात शिट्ट्या. पालकांना बोलावलं, दाखला हातात दिला, फाईल बंद.

जोव्हान्नी बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा, उत्तर इटलीतल्या पिएमाँट प्रांतातल्या बेक्की नावाच्या वाडीतला. दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. आई मार्गेरिता निरक्षर, पण खंबीर. शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकं कशाला, असं सावत्रभाऊ आंतोनिओचं मत. त्या भांडणापायी पोराला दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावं लागलं. जत्रेतल्या डोंबाऱ्यांचे खेळ बघून त्याने दोरीवर चालणं, हातचलाखी शिकून घेतली. रविवारी वाडीतली पोरं जमवून तो खेळ करी आणि तिकीट म्हणून सगळ्यांकडून प्रार्थना म्हणवून घेई. पुढे कियेरी गावात शिकताना शिंप्याकडे, कॉफीच्या दुकानात राबून त्याने फी भागवली. ५ जून १८४१ रोजी बॉस्को पाद्री झाले, वयाच्या पंचविशीत.

तुरिन शहर तेव्हा वाढत होतं. खेड्यांतून आलेली पोरं परातीवर, भट्टीवर, धुराड्यांत कामाला असत आणि काम सुटलं की रस्त्यावर. तुरुंगात जाऊन बॉस्कोंनी मिसरूड न फुटलेले कैदी पाहिले. बाहेर यांची विचारपूस करणारं कुणी असतं तर ही आत आलीच नसती, हे त्यांच्या मनाने घेतलं.

८ डिसेंबर १८४१. चर्चच्या मागच्या खोलीत सोळा वर्षांचा एक अनाथ गवंडीकाम करणारा पोरगा, बार्तोलोमेओ गारेल्ली, येऊन उभा राहिला. पूजेत मदत करता येत नाही म्हणून तिथल्या सेवकाने त्याला काठीने झोडपून हाकललं. बॉस्कोंनी त्याला परत बोलावलं. लिहिता येतं का, वाचता येतं का, प्रत्येक प्रश्नाला नाही. शेवटी त्यांनी शिट्टी वाजवता येते का म्हणून विचारलं आणि पोरगा हसला, असं सांगतात. त्या जागी मी थांबलो. पुस्तक मिटून ठेवलं.

पोरं वाढत गेली, तसे जागामालक वैतागले. गोंगाटापायी एकेका ठिकाणाहून त्यांना हुसकावण्यात आलं. बॉस्कोंना वेड लागलं म्हणून दोन पाद्री बग्गी घेऊन आले, तर यांनी त्यांनाच आधी आत बसवून गाडी इस्पितळाकडे पिटाळल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात एक पडवी मिळाली. त्याच वर्षी अठ्ठावन्न वर्षांच्या मार्गेरिता गाव सोडून मुलाच्या या संसारात आल्या. आसरा दिलेल्या काही पोरांनी आधी चादरीच पळवल्या होत्या. म्हणून १८४७ मध्ये पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला, तेव्हा माउलीने त्याला जेवू घातलं, विटांवर अंथरूण करून दिलं, चार समजुतीचे शब्द सांगितले, आणि दाराला कुलूपही लावलं! सालेशियन वसतिगृहांत झोपण्यापूर्वी मुलांशी दोन शब्द बोलण्याची प्रथा तिथूनच आली.

मला सर्वांत भावले ते त्यांचे करार. कामावर लागलेल्या पोरासाठी ते उस्तादाशी रीतसर लेखी करार करत. १८५२ साली एका सुताराशी केलेला असा करार आजही जपलेला आहे: मारायचं नाही, शब्दांनीच सुधारायचं, धंद्याबाहेरची कामं सांगायची नाहीत, सणावारी सुटी द्यायची. पुढे चांभारकाम, शिंपीकाम, पुस्तकबांधणी, छपाई यांचे स्वतःचेच कारखाने निघाले. १८५९ मध्ये सालेशियन संघ स्थापन झाला, १९०६ मध्ये त्याची माणसं भारतात तंजावरला पोचली. ती हकिगत मोठी आहे. असो.

मुलगा चुकल्यावर शिक्षा करण्यापेक्षा तो चुकण्याआधी त्याच्याजवळ असावं, ही त्यांची पद्धत. १८७७ मध्ये त्यांनी ती लिहून काढली. पण मे १८८४ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांना रोमहून वाल्दोक्कोला एक व्याकूळ पत्र धाडावं लागलं. संस्था मोठी झाली होती, शिक्षक मधल्या सुटीत मुलांत मिसळेनासे झाले होते, आणि मुलंही त्यांच्यापासून दुरावली होती. प्रत्यक्ष बॉस्कोंच्या हयातीत, त्यांच्याच अंगणात! ३१ जानेवारी १८८८ रोजी ते गेले. १९३४ मध्ये चर्चने त्यांना संत ठरवलं.

माझं दहा मिनिटांचं भाषण चांगलं झालं म्हणतात. माझ्या केबिनच्या खिडकीतून मैदान दिसतं. वर्षभरात मधल्या सुटीत मी तिथे किती वेळा उतरलो, ते बोटांवर मोजता येईल.

एप्रिलमध्ये रजिस्टरातून पत्ता काढून त्या मुलाकडे गेलो. घरी आई होती. तो गल्लीच्या टोकाला गॅरेजमध्ये कामाला होता. मला बघून आधी पळायच्या बेतात दिसला. मारतात का रे इथे, म्हणून विचारलं, तर उत्तर दिलं नाही. दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म असतो, तो मी भरून देईन, पुस्तकंही देईन, एवढं सांगितलं आणि फोन नंबर लिहिलेला कागद पुढे केला. त्याने हाताचं ग्रीस पँटला पुसलं, कागद घेतला, खिशात घातला आणि पुन्हा गाडीखाली शिरला.